बॉर्डरला लाटा आल्यात, आत शीट कुठली घालू?

कसबा बावड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलीसाठी त्यांनी ६० बाय ९० इंचांची क्विल्ट जोडली आहे, चारी बाजूंना सहा-सहा इंचांची बॉर्डर. फरशीवर पसरली की मधलं अंग सपाट बसतं, पण लांब बाजूंच्या बॉर्डरी झालरीसारख्या उठतात. मधून मोजलं तर ९० इंच भरतं, कडेनं ९२. गादीवाल्यानं सांगितलं, ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) जाड फायबर शीट घाला, लाटा फुगवट्यात जिरतील. शिवणक्लासातली मैत्रीण म्हणते, पातळ कॉटनचं बॅटिंग, म्हणजे आत घालायचा भरावाचा थर, घाला आणि जवळजवळ शिलाया मारून सपाट करून टाका. मशीन घरचं, मोटर लावलेलं साधं. कुणाचं ऐकायचं?

ताई, शीट घ्यायला बाहेर पडायच्या आधी टेप घेऊन परत एकदा फरशीवर बसा. तुम्ही दोन मापं दिलीत, मला तिसरं हवंय. पहिलं माप मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसरं अगदी बाहेरच्या कडेनं. आणि तिसरं, जिथं बॉर्डर मधल्या अंगाला जोडली आहे त्या शिलाईवरून. कापड हातानं सरळ करत, पण न ताणता मोजा. या तिसऱ्या मापावर पुढचं सगळं ठरतं.

शिलाईवरून ९० किंवा त्याच्या जवळपास भरलं आणि बाहेरून ९२, तर बॉर्डर बरोबर मापाची लागली आहे, फक्त तिची मोकळी कड हाताळताना ओढली गेली आहे. इस्त्री सरकवत फिरवली की असं होतं, पट्टी आडव्या धाग्यात कापली असली तर जास्तच. हा झोळ बराचसा परत आत घेता येतो. कडेवर पाणी शिंपडा, कापड बोटांनी मापाला गोळा करून बसवा, आणि इस्त्री न सरकवता वरून टेकवत वाफ द्या. वाळेपर्यंत हलवू नका. कडेचे दोन इंच मला एका वाफेत सव्वा इंचावर आलेले माहीत आहेत. पण हे आत शीट घालायच्या आधी करायचं. पॉलिस्टरची शीट आत गेल्यावर गरम इस्त्री टेकवली तर फुगवटा कायमचा बसतो, आणि जास्त गरम असली तर शीट वितळून कडक होते.

पण शिलाईवरूनच ९१ नाहीतर ९२ भरलं, तर बॉर्डर मुळातच जास्त लागली आहे. बहुतेकींचं हेच होतं, आणि त्याचं कारण शिवायच्या पद्धतीत आहे. लांब पट्टी घ्यायची, एका टोकापासून लावत जायचं आणि शेवटी उरलेली कापून टाकायची, अशी सवय असते. मशीनचे दाते खालचं कापड भराभर पुढं नेतात, वरचं पायाखाली रेंगाळतं. पट्टी खालच्या बाजूला असेल तर ९० इंचांत तिची दीड-दोन इंचांची भर सहज पडते, आणि शिवताना ती दिसतही नाही. कापलेला तुकडा हातात येतो तेव्हा वाटतं सगळं बरोबर झालं.

आता गादीवाल्याचं म्हणणं बघू. जाड शीट झोळ जिरवते हे खरं आहे, पण किती जिरवते याला हिशेब आहे. दोन शिलायांमधलं कापड वर फुगतं तेव्हा ते कमानीसारखं होतं, आणि कमानीची लांबी सरळ रेषेपेक्षा थोडी जास्त असते. ही जास्तीची लांबी म्हणजे जिरलेला झोळ. शिलाया तीन-तीन इंचांवर धरा. मधला फुगा अर्धा पाव इंच, म्हणजे एक सूत उंच असेल, तर सगळ्या ९० इंचांत मिळून अर्धा इंचही जिरत नाही. फुगा पाव इंच उंच झाला तर दीड इंचाच्या थोडं वर जिरतं. उंची दुप्पट झाली की जिरणारं कापड चौपट होतं. म्हणून सपाट बॅटिंग आणि फुगीर शीट यांच्यात झोळाच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि म्हणूनच गादीवाल्याचा सल्ला ऐकायला पटतो.

त्याला मशीनची बाजू मात्र दिसत नाही. ३०० जीएसएमची शीट घरच्या मशीनच्या पायाखाली, पाय पूर्ण उचलला तरी जेमतेम शिरते. शिरली की पाय तिला दाबत पुढं जातो आणि वरचं कापड स्वतःपुढं ढकलत नेतो. आधीच झोळ असलेली बॉर्डर, त्यात पायानं ढकललेलं कापड. शिलाई बॉर्डरच्या टोकाला पोचते तेव्हा तिथं चुणी पडणारच. शिवाय क्विल्टची गुंडाळी मशीनच्या हाताखालून जायला हवी, आणि जाड शीटची ६० इंचांची गुंडाळी तिथं मावत नाही. जी जाडी झोळ जिरवायला घातली तीच मशीनवर नवा झोळ करते.

हे सांगून पटत नाही, म्हणून माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकीकडून मी एक तुकडा करून घेते. तुम्हीही करा, एक तास जाईल. सहा इंच रुंद आणि १२ इंच लांब अस्तर घ्या. वर लावायची पट्टी सव्वाबारा इंचांची घ्या. बारा इंचांत पाव इंच म्हणजे साधारण तुमच्याच बॉर्डरइतका झोळ झाला. दोन्ही टोकं जुळवून टाचा, मग मध्य जुळवून टाचा, मग पाव-पाव. झोळ असा वाटून घ्यायचा, एका जागी गोळा होऊ द्यायचा नाही. असे तीन तुकडे करा: एकात पातळ कॉटन बॅटिंग, एकात मध्यम फुगीर फायबर शीट, एकात गादीवाल्याची जाड. मग पट्टीच्या लांबीला आडव्या शिलाया मारा, तीन-तीन इंचांवर.

पातळ कॉटनवर काय होतं ते बोटानं कळतं. दुसऱ्या शिलाईच्या आधी पायापुढं कापडाची बारीक वळी उभी राहते, दाभणाएवढी. तुम्ही ती टाचणीच्या टोकानं पायाखाली सारता, शिलाई पुढं जाते, आणि मागे वळून बघता तर तिथं टाका चुणीवरूनच गेलेला असतो. शिलाया इंचावर आणल्या तर तुमच्या मैत्रिणीचं खरं होतं, पट्टी सपाट बसते. पण हात फिरवून बघा. ती पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक लागते, आणि झोळ इतका असेल तर दोन-चार चुण्या तिथंही दबून राहिलेल्या असतात. जाड शीटवर पहिले दोन फुगे सुरेख येतात आणि शेवटच्या शिलाईला सगळं गोळा होतं. मधल्या शीटवर चारही फुगे सारखे उठतात. कुठल्या फुग्यात पाव इंचाची भर गेली हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. हा तुकडा हातात आला की ताई, तुम्हाला मला काही विचारावं लागणार नाही.

तेव्हा तुमच्या क्विल्टसाठी माझं उत्तर असं: लांब बाजूचा झोळ आधी सव्वा इंचाच्या आत आणा, आणि मग १५० जीएसएमच्या आसपासची, हलकी, फुगीर, तंतू एकमेकांना चिकटवलेली फायबर शीट घाला. ९० इंचांत अर्धा इंच झोळ असता तर मी म्हटलं असतं, हवं ते बॅटिंग घाला. सव्वा इंचापर्यंत फुगीर शीट सांभाळून घेते. त्याच्या वर गेलं की मी उसवते. हिशेबानं दीड इंच जिरतं असं वर म्हटलं, पण ते प्रत्येक फुगा सारखा आला तर. घरच्या मशीनवर प्रत्येक फुगा सारखा येत नाही, म्हणून थोडी जागा राखून चालायचं.

उसवायचं नाव काढलं की तोंड उतरतं, हे मला ठाऊक आहे. पण ९० इंचांची एक शिलाई उसवायला तास लागत नाही. एका बाजूनं दर चौथा टाका कापत जा, मग उलट बाजूचा दोरा ओढा, तो सलग निघून येतो. कापड ओढून फाडू नका, तिथंच कड ताणली जाते. आडव्या बॉर्डरीशी जिथं कोपरा होतो तिथली शिलाई आधी बघून ठेवा. परत लावताना क्विल्टचं माप मधोमध आणि दोन्ही कडांपासून वीतभर आत, असं तीन ठिकाणी घ्या, सरासरी काढा आणि पट्टी तेवढीच कापा. दोघांचाही मध्य, पाव, अष्टमांश खुणा करून जुळवा. शिवताना जे ढिलं असेल ते खाली, दात्यांकडे. आधी ज्या दात्यांनी झोळ घातला तेच आता तो खाऊन टाकतात. आणि नवीन पट्टी कापायची वेळ आली तर कापडाच्या काठाला समांतर कापा. उभा धागा ताणला जात नाही. गांधीनगरच्या बाजारातून इचलकरंजीचं चांगलं पॉपलीन अडीच मीटर आणलं तर ९० इंचांच्या सगळ्या पट्ट्या सलग निघतात, जोड द्यावा लागत नाही.

आता शीटबद्दल थोडं जास्त सांगते, कारण दुकानात जीएसएम सोडून दुसरा शब्द कुणी बोलत नाही. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. ती जाडी नव्हे. दाबून केलेली २०० ची शीट हलक्या १५० पेक्षा पातळ असू शकते. म्हणून नमुना मागा, चार घड्या करा, न दाबता पट्टीनं उंची मोजा आणि चारनं भागा. अर्ध्या इंचाच्या आसपास भरली की तुमच्या कामाची. मग मुठीत घट्ट दाबून सोडा. लगेच उठली तर ठीक. आळसावल्यासारखी पडून राहिली तर क्विल्टमध्येही तशीच पडेल आणि झोळ परत वर येईल.

दुसरी गोष्ट, शीट दोन्ही दिशांना ओढून बघा. एकीकडं ती जास्त ताणते, एकीकडं कमी. जी बाजू कमी ताणते ती तुमच्या लांब बॉर्डरीला समांतर ठेवा. हे कुणी सांगत नाही. शीट उलटी बसली तर शिवताना ती बॉर्डरीबरोबर लांबत जाते, आणि आपण पुन्हा कापडालाच दोष देतो. तिसरी गोष्ट, दोन्ही अंगांवर हात फिरवा. वरून गुळगुळीत, तंतू धरून ठेवलेली असेल तर घ्या. मोकळ्या तंतूंची असेल तर काही महिन्यांनी कापडातून पांढरी लव बाहेर येते, आणि तुमची बॉर्डर गडद रंगाची असेल तर ती पहिल्यांदा तिथंच दिसते.

वजनाचाही विचार करा. ६० बाय ९० म्हणजे साधारण साडेतीन चौरस मीटर. १५० ची शीट अर्धा किलोच्या किंचित वर जाते, ३०० ची किलोच्या वर. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर धुतलेलं जाड अंथरूण वाळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला कापूस घालू का, असंही पुष्कळ जणी विचारतात. दुलईला तो उत्तम, तिथं हातानं लांब टाके घालायचे असतात. मशीनच्या शिलाईखाली मात्र तो सरकतो, एकीकडं गोळा होतो, आणि दुसऱ्या धुण्याला बॉर्डर रिकामी आणि शिलाईजवळ गोळे असं होतं. जुनी सोलापुरी चादर मध्ये घालण्याची युक्ती चांगली आहे, मी स्वतः उन्हाळी क्विल्टला घालते. पण ती सपाट, झोळाला तिची काही मदत नाही. फ्लीसचं ब्लँकेट एका दिशेला ताणतं, तुमच्या कामाला अजिबात नको. लोकरीचं बॅटिंग मिळालं आणि परवडलं तर फायबर शीटपेक्षा सरस. ते पायाखाली दबतं आणि पाय पुढं गेला की उठतं, म्हणून मशीनलाही सोपं. फक्त गरम पाण्यात घालून चोळायचं नाही, लोकर आटून घट्ट होते.

कॉटन बॅटिंगचं एक सांगायला हवं. ते न धुता घातलं तर पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं आणि सगळ्या क्विल्टला बारीक सुरकुती येते. त्यात लाटा लपतात, असं म्हणतात. थोड्या लपतात. पण मधलं अंग आणि बॉर्डर दोन्ही सारखंच आटतं, त्यामुळं जास्तीची बॉर्डर जास्तीचीच राहते.

शिवायच्या क्रमात अर्धं काम आहे. माझी आजी वाकळ घालायची तेव्हा आत काहीच नसायचं, जुन्या लुगड्यांचे थर आणि धावदोरा. ती कडेपासून सुरू करून आत-आत यायची. जे काही कापड जास्त व्हायचं ते मध्ये सरकत जायचं, आणि ती प्रत्येक टाक्याला डाव्या हाताच्या बोटांनी ते थोडं-थोडं सुईखाली घ्यायची. तिच्या वाकळीच्या कडा पाटासारख्या सरळ. आपण मशीनवर मधून सुरू करून बाहेर जातो, त्यामुळं सगळा झोळ ढकलत-ढकलत बॉर्डरीवर आणून टाकतो. मशीनवर आजीचा क्रम जसाच्या तसा चालत नाही, मध्ये मोठी चुणी अडकते. पण तिचा विचार घेता येतो: कड आधी जागेवर बांधून ठेवायची.

अस्तर फरशीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं धरा, सपाट हवं, ताणलेलं नको. त्यावर शीट, त्यावर क्विल्ट. मधल्या अंगात चार-चार बोटांवर सेफ्टी पिना. बॉर्डरला दुप्पट जवळ, आणि टोकं, मध्य, पाव अशा वाटणीनंच. मग मशीनवर सगळ्यात आधी बॉर्डरच्या जोडशिलाईच्या खाचेतून चारी बाजूंना एक शिलाई मारा. आता मधला झोळ बॉर्डरीत जाणार नाही आणि बॉर्डरचा आत येणार नाही. त्यानंतर मधलं अंग, मग शेवटी बॉर्डर.

बॉर्डरवर शिलाया आडव्या घ्या, आतल्या शिलाईपासून बाहेरच्या कडेकडे. कडेला समांतर रेघा मारल्या तर लांबीतला झोळ जिरायला जागाच राहत नाही, पाय तो पुढं रेटत नेतो आणि कोपऱ्यात सोडतो. फ्री मोशन, म्हणजे कापड हातानं हवं तसं फिरवत शिवणं, येत असेल तर वेल किंवा पंख्याचा आकार घ्या, पण त्याच्या रेघाही कडेकडे जाणाऱ्या हव्यात. सरळ शिलाईला वॉकिंग फूट (वरचं कापडही खालच्याबरोबर पुढं नेणारा पाय) लावा, पायाचा दाब कमी करा, टाका नेहमीपेक्षा थोडा लांब ठेवा, सुई १४ नंबरची. आणि मधल्या अंगात जितक्या दाट शिलाया तितक्याच बॉर्डरवर. मध्ये इंचा-इंचावर आणि बॉर्डरवर सहा इंचांवर असं केलंत तर मधलं अंग आकसतं आणि बरोबर मापाची बॉर्डरसुद्धा लाटा मारायला लागते. उसवून, मापानं लावून, चांगली शीट घालून परत लाट आलेल्या ज्या क्विल्टी माझ्याकडं येतात, त्यांतल्या पुष्कळ अशाच असतात.

सगळं झाल्यावर कड अजून जराशी नाचत असेल तर पाइपिंगची पट्टी लावायच्या आधी कडेपासून दोन सूत आत लांब टाक्याची एक शिलाई घाला, दोरा हलकेच ओढून कड मधल्या मापाला आणा आणि मगच पट्टी लावा. पट्टी सरळ धाग्यात कापलेली हवी. तिरपी पट्टी गोल कडेला लागते, सरळ कडेला ती स्वतःच ताणते आणि सगळी मेहनत वाया घालवते. पट्टीचं मापही आधी ठरवा आणि टाचून लावा, लावत-लावत जाऊ नका.

पहिलं धुणं गार पाण्यात. पिळू नका, दाबून पाणी काढा. ओली क्विल्ट एका तारेवर बॉर्डरीला चिमटे लावून टांगू नका, पाण्याचं सगळं वजन त्या कडेवर येतं आणि ती पुन्हा लांबते. गच्चीवर दोन-तीन तारा जवळजवळ बांधून त्यांवर आडवी पसरा, कडा हातानं सरळ करा, आणि दुपारी एकदा उलटा.